तेरणा ते टायबर, व्हाया लामजना

मराठवाड्यातून इटलीला पोचलेली पहिली बाई जेमतेम २५ सेंटिमीटर उंच होती आणि हस्तिदंताची होती. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा ती पाँपेईतल्या एका घरी उतरलेली होती. मग राखेचा थर बसला आणि १९३८ साली उत्खनन करणाऱ्यांनी बाहेर काढेपर्यंत ती १,८५९ वर्षं त्याच घरात राहिली. पाहुण्यांनी मुक्काम वाढवण्याची परंपरा आपल्याकडे मोठी असली, तरी हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

सध्या बाई नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. अंगावर दागिने भरपूर, कपडे जवळजवळ नाहीत. आजच्या टूर कंपन्या महिला प्रवाशांना नेमका उलटा सल्ला देतात : दागिने घरी ठेवा, कपडे जास्त घ्या. सुरुवातीला अभ्यासकांनी तिला लक्ष्मी ठरवलं, पुढे यक्षी म्हटलं. पण तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यात तेरला आणि भोकरदनला मिळाल्या, तेव्हा ती याच बाजूची असावी असं काहींचं मत पडलं. मत पडलं म्हणजे झालं. आपल्याकडे याहून कमी पुराव्यावर सोयरिकी जुळतात.

तेर म्हणजे संत गोरोबाकाकांचं गाव, धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठावरचं. जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकात, ‘पेरिप्लस’मध्ये, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे शहर असल्याची नोंद आहे. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात जाई आणि तिथून रोमन जगात. ही वाहतूक रस्ते नसलेल्या मुलखातून होते, असंही तो खलाशी जाता जाता लिहितो. म्हणजे मराठवाड्यातल्या रस्त्यांविषयीची पहिली लेखी तक्रार जवळपास दोन हजार वर्षांची आहे, आणि ती करणारा मतदार नव्हता म्हणून तिचा निकाल लागला नाही. तेरमधल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंचं तिथं आज सरकारी संग्रहालय आहे. तिकिटाची रांग नसते, ही त्याची व्हॅटिकनवर मात.

हीच तेरणा पुढे माकणीच्या धरणात अडते आणि खाली लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या शिवाराजवळून जाते. त्यामुळे किल्लारीचा माणूस लामजना, औसा, लातूर करत रात्रीच्या रेल्वेनं मुंबई गाठतो आणि रोमच्या विमानात बसतो, तेव्हा तो काही जगावेगळं करत नाही. नदीच्या वरच्या अंगाच्या लोकांनी सुरू केलेला व्यवहार तो पुढे चालवतो. फरक एवढाच की पूर्वी माल जायचा आणि सोनं यायचं. आता सोनं मोडून माणसं जातात आणि पिसाच्या मनोऱ्याची चुंबकं येतात, फ्रिजला लावायला.

जाणारे कोण, हेही बघण्यासारखं आहे. एक निवृत्त गुरुजी असतात, त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवलेला असतो आणि आता तो तपासायचा असतो. एक जोडपं लातूर पॅटर्नचं फळ चाखायला निघालेलं असतं : मुलगा बारावीला लातुरात रगडला गेला, अभियंता झाला, जर्मनीत स्थिरावला आणि आता आईबापांना ‘युरोप दाखवतो’ म्हणतो. तिसरं कुटुंब त्याच पॅटर्नच्या मधोमध अडकलेलं असतं. धाकटी वैद्यकीय प्रवेशाच्या नीटला बसलेली असल्यानं त्या घरात उन्हाळा एप्रिलमध्ये सुरू होतच नाही. मे महिन्यातल्या त्या रविवारी पेपर संपला, की मग उकडायला लागतं.

ही परीक्षा मात्र नकळत उपकार करते. इटलीला जायला मे महिनाच बरा. किल्लारीत पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो तेव्हा रोममध्ये दुपारी अंगाला सोसेल असं ऊन असतं आणि संध्याकाळ साडेआठपर्यंत लांबते. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडेही पस्तिशी-चाळिशी गाठली जाते, आणि १५ ऑगस्टच्या आसपास खुद्द रोमकर गाव सोडून समुद्राकडे पळतात. सम्राट ऑगस्टसनं लावून दिलेली ही सुट्टी ते अजून इमानानं पाळतात. त्या दिवसांत तिथं जाणं म्हणजे यजमान यात्रेला गेलेले असताना त्यांच्या ओसरीवर बसून राहणं.

व्हिसाच्या खिडकीत पहिली ठिणगी पडते. शेंगेन व्हिसाला बँकेचं स्टेटमेंट लागतं, हॉटेलची नोंदणी लागते, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि आयकराची विवरणपत्रं लागतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे ज्याच्या रानात वीस एकर ऊस उभा आहे तो कागदावर कंगाल असतो. मग तो सातबारा काढून आणतो, त्याचं इंग्रजी करून घेतो, विहीर आणि बोअरसकट. इटलीच्या वकिलातीत बसलेल्या साहेबाला ‘पोटखराबा’ या रकान्याचं काय वाटत असेल, हा संशोधनाचा विषय आहे. पण व्हिसा मिळतो. इतकी जमीन सोडून हा माणूस रोममध्ये भांडी घासायला राहणार नाही, एवढं बहुधा त्यांना पटत असावं.

बॅग भरताना घरात दोन पक्ष पडतात. कपड्यांचा पक्ष अल्पमतात असतो. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, भाजणी, मेतकूट यांचं बहुमत असतं आणि वजनकाट्यावर तेवीस किलोला काटा टेकला, की स्वेटर बाहेर येतो. उजनीची बासुंदी मात्र नेता येत नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तुळजापूरच्या वाटेवर उजनीला थांबून बासुंदी न पिणारा माणूस औसा तालुक्यात सापडणं कठीण, आणि तिला जगातल्या एवढ्या मोठ्या प्रदेशात प्रवेशबंदी आहे, हे ऐकून प्रवासाआधीच इटलीविषयी मन थोडं कलुषित होतं.

रोममध्ये उतरल्यावर किल्लारीकर सगळ्यात आधी काय बघतो? कलोसियम नाही. तो नळ बघतो.

रोमच्या रस्त्यांवर लोखंडी खांबांसारखे पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. १८७४ पासून ते बसवायला सुरुवात झाली आणि आज ते अडीच हजारांच्या आसपास आहेत. वाकड्या तोटीमुळे लोक त्यांना ‘नासोने’, म्हणजे मोठ्या नाकाचा, म्हणतात. त्या तोटीतून थंडगार, पिण्याजोगं पाणी रात्रंदिवस वाहत असतं आणि बहुतेकांना चावीच नसते. लातूर जिल्ह्यातल्या माणसासमोर असा नळ ठेवणं ही क्रूर थट्टा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दहा वाघिणींमध्ये पाच लाख लिटर पाणी भरून ‘जलदूत’ रेल्वे लातूरला आली, तेव्हा तिचं स्वागत पुढाऱ्याच्या वर झालं होतं. त्या जिल्ह्यातला गृहस्थ नासोनेपाशी थांबतो, वाकून बघतो, मागून हात घालतो, खालून चाचपतो. ‘‘चावी कुठंय वो ह्येची? पानी वाया चाललंय की!’’ टूर गाईड समजावतो की पाणी साचून राहू नये, नळांत जंतू होऊ नयेत म्हणून ते वाहतं ठेवलेलं असतं. गृहस्थ मान डोलावतो आणि बरोबरच्या सगळ्या बाटल्या भरून घेतो. हॉटेलात पाणी आहे, हे त्याला माहीत असतं; पण लातूरकराचा उद्याच्या पाण्यावर विश्वास नसतो.

पुढे त्रेवीचं कारंजं. निकोला साल्वीच्या आराखड्याचं हे काम १७६२ साली पूर्ण झालं; पण त्यातलं पाणी ज्या नहराचं आहे तो रोमन सेनानी अग्रिप्पानं इ. स. पूर्व १९ मध्ये बांधला. डागडुजी होत होत तीच योजना दोन हजार वर्षांनंतर चालू आहे. हे वाक्य गाईड सहज बोलून जातो, आणि गटातल्या किल्लारीकरांमध्ये शांतता पसरते. ज्यांनी पाणीपुरवठा योजनेचं उद्घाटन आणि तिची पहिली दुरुस्ती एकाच हंगामात पाहिली आहे, त्यांना संगमरवरी घोड्यांपेक्षा हे शिल्प मोठं वाटतं. मग सगळे पाठ फिरवून कारंज्यात नाणी फेकतात. या नाण्यांतून वर्षाला दहा लाखांहून अधिक युरो जमतात आणि ते कॅरितास या संस्थेमार्फत गरिबांसाठी खर्च होतात. पाण्यात पैसा गेल्यावर तो गरिबापर्यंत पोचतो, ही गोष्टही आमच्याकडच्या सिंचनाचा अनुभव असलेल्यांना नवीच.

किल्लारीकराची दुसरी सवय म्हणजे कुठल्याही इमारतीत शिरताना आधी वर बघणं.

३० सप्टेंबर १९९३. किल्लारीत गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं झाली होती. भूकंप ६.२ चा होता. जगात असे भूकंप होतात आणि सगळीकडे इतकी माणसं जात नाहीत. इथं घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची होती आणि डोक्यावर माळवद होतं : लाकडी तुळया, किलचन आणि वर दरवर्षी थापलेला मातीचा थर. उन्हाळ्यात अशा घराइतकं गार काही नाही. त्या पहाटे तेच माळवद उतरलं. त्यानंतर वाढलेल्या पिढीलाही छत बघायचं वळण आपोआप लागलं आहे.

तर असा माणूस पॅन्थिऑनमध्ये उभा राहतो. सम्राट हेड्रियनच्या काळात, इ. स. १२५ च्या सुमारास पुरी झालेली इमारत. घुमटाचा व्यास ४३ मीटरहून जास्त, आत लोखंडी सळईचा तुकडा नाही, आणि आजही बिनसळईच्या काँक्रीटचा तो जगातला सर्वांत मोठा घुमट आहे. बाकी गट मोबाईल उंचावून फिरत असतो. किल्लारीकर मात्र गाईडला कोपऱ्यात घेऊन विचारतो, ‘‘वर वजन किती घातलंय?’’ प्रश्न फार नेमका आहे. रोमन गवंड्यांनी खालच्या थरात जड दगडाची खडी वापरली आणि वर जाता जाता हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड. जाडीही कमी करत नेली आणि मधोमध जवळपास नऊ मीटरचं भोक ठेवून तिथलं वजनच काढून टाकलं. माळवदाच्या बरोबर उलट. त्या भोकातून पाऊस आत येतो आणि फरशीतल्या छिद्रांतून निघून जातो. ‘‘गळतंय, पण पडत न्हाई,’’ असा शेरा मिळतो. स्थापत्याच्या ग्रंथांत पॅन्थिऑनवर पुष्कळ लिहिलेलं आहे. याहून थोडक्यात कुणी लिहिलेलं नसावं.

कलोसियमच्या बाबतीत त्याला उगाच दडपण येत नाही. बाहेरची भिंत दक्षिणेकडून अर्धी का गेली, असं विचारल्यावर १३४९ च्या भूकंपाचं नाव निघतं आणि पडलेले दगड लोकांनी वाडे नि चर्चं बांधायला नेले, असंही कळतं. किल्लारीकर समजूतदारपणे हसतो. पडलेल्या घराचे दगड वाया घालवत नसतात.

पिसाला मात्र वाद होतो. ११७३ साली पायाभरणी, काही मजल्यांतच कलायला सुरुवात, तरी जवळजवळ दोनशे वर्षं बांधकाम चालू. १९९० मध्ये मनोरा धोकादायक म्हणून बंद केला, उत्तरेच्या बाजूनं खालची माती थोडी थोडी काढून कल साडेपाच अंशांवरून चारवर आणला आणि २००१ मध्ये पुन्हा उघडला. पूर्ण सरळ केला नाही, कारण सरळ मनोरा बघायला कोण येणार? त्र्याण्णवनंतर किल्लारीत ज्या भिंतीला एवढा कल होता ती दोरखंड लावून पाडली गेली, आणि इथं तसल्या मनोऱ्यावर चढायचे वीस युरो! पण २०१८ मध्ये अभियंत्यांनी एक गमतीची गोष्ट मांडली. या मनोऱ्यानं निदान चार मोठे भूकंप पचवले, ते ज्या मऊ मातीनं त्याला वाकवलं तिच्याचमुळे. उंच, ताठ दगडी मनोरा आणि खाली भुसभुशीत जमीन, त्यामुळे भूकंपाच्या हादऱ्याशी त्याची लय जुळतच नाही. हे कळल्यावर वादाचा निकाल मनोऱ्याच्या बाजूनं लागतो, आणि मगच त्याला हातानं ढकलण्याचा फोटो काढला जातो.

पाँपेईत गट दोन तुकड्यांत विभागतो. मुंबई-पुण्याची मंडळी ‘अहाहा, केवढं जतन केलंय’ करत फिरते. किल्लारीकर सरळ रेषेतले रस्ते, चौकोनी गट, ओळीनं घरं बघतात आणि त्यांना भूकंपानंतरच्या पुनर्वसनाचा नकाशा आठवतो. ज्वालामुखीच्या आधी, इ. स. ६२ मध्ये, पाँपेईला मोठा भूकंप झाला होता आणि १७ वर्षांनी राख पडली तेव्हाही त्या भूकंपाची डागडुजी चालूच होती, असं गाईड सांगतो. बाकीचे हळहळतात. किल्लारीकर एकमेकांकडे बघतात आणि इतक्या मोठ्यानं हसतात, की शेजारचा जपानी गट वळून पाहतो.

एक गाव कुठल्याच सहलीच्या पत्रकात नसतं. रोमच्या ईशान्येला डोंगरात अमात्रिचे आहे. टोमॅटो, डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस आणि मेंढीच्या दुधाचं चीज घालून करतात त्या ‘अमात्रिचाना’ पास्त्याचं गाव. २४ ऑगस्ट २०१६ ला पहाटे तीन वाजून छत्तीस मिनिटांनी तिथं भूकंप झाला. ६.२ चाच. त्याच आठवड्याच्या शनिवार-रविवारी या पास्त्याचा पन्नासावा उत्सव भरायचा होता आणि गावात पाहुणे आलेले होते. घरं दगडाची, चुना निकृष्ट, काहींवर नंतर घातलेली जड काँक्रीटची छतं. त्यानंतर इटलीत आणि बाहेरही कितीतरी उपाहारगृहांनी अमात्रिचानाच्या प्रत्येक ताटामागे दोन युरो मदतीला दिले. रोमच्या हॉटेलात गुरुजींनी यादीवर तो पदार्थ पाहिला, गाईडनं ही हकिकत सांगितली, आणि गळ्यात माळ असलेल्या गुरुजींनी एक ताट मागवलं. खाल्लं नाही. पैसे दिले आणि ड्रायव्हरसमोर सरकवलं.

शाकाहाऱ्यांसाठी खरं तर इटली युरोपातला सोपा देश आहे, पण माळकऱ्याला खाचखळगे आहेतच. पार्मेजान चीज वासराच्या जठरातलं रेनेट वापरून होतं, हे सांगावं की न सांगावं, या प्रश्नावर टूर मॅनेजर प्रत्येक सहलीत नव्यानं झुरतो. भाज्यांच्या सुपात मांसाचं पाणी असू शकतं. कॉफी एवढीशी येते, की सुरू झाली हे संपल्यावर कळतं. ती उभ्यानं प्याली तर स्वस्त, बसून प्याली तर महाग. जेवणाच्या बिलात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी रक्कम लावतात, म्हणजे टेबलाशी बसल्याचे पैसे. किल्लारीच्या पाटीवर, म्हणजे फाट्यावर, अर्ध्या चहावर अख्खी ग्रामपंचायत निवडणूक बसून काढलेल्या माणसाला हे पचत नाही. व्हेनिसनं २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, एका दिवसासाठी येणाऱ्यांना, नुसतं गावात शिरायलाही निदान पाच युरो लावले आहेत, आणि होडीत अर्धा तास बसायचे नव्वद. पण होडीचे पाच जणांत वाटता येतात, आणि वाटून घेण्यात मराठवाडा कुणाला हार जात नाही.

पण जेनोवाच्या बाजूला गेलं, तर लाकडाच्या भट्टीतून ‘फारिनाता’ येतो. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल. तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून भाजलेलं. पहिल्या घासाला सगळे गप्प होतात, दुसऱ्याला कुणीतरी पिशवीतून ठेचा काढतं, आणि धपाट्यांचा डबा त्या दिवशी उघडला जात नाही. तसंच लसूण, तेल आणि लाल मिरचीवर परतलेल्या साध्या स्पॅगेटीचं. ‘आल्यो, ओल्यो, पेपेरोंचिनो’ म्हणून मागायचं. नाव मंत्रासारखं आहे आणि चीज घालू नका म्हटलं की घालत नाहीत.

सहलींनी वगळलेलं आणखी एक ठिकाण म्हणजे दक्षिणेतलं बारी. तिथल्या जुन्या गावात एका गल्लीत बायका दारात टेबल मांडून बसतात. डुरम गव्हाच्या रव्याची कणीक, तिची सुरळी, सुरीनं तुकडा, अंगठ्याचा एक दाब, आणि कानाच्या पाळीएवढा ‘ओरेकिएत्ते’ तयार. डुरम म्हणजे आपला बन्सी गहू. किल्लारीची आजी तिथं उभी राहिली, तर तिला दुभाषा लागायचा नाही. तिनं आयुष्यभर उन्हाळ्यात शेवया वळल्या, रुखवतासाठी बोटवे केले, मालत्या केल्या, गव्हले केले आणि नखाच्या दाबानं नखुले पाडले. तोच गहू, तोच अंगठा, तेच वाळवण, आणि शेजारणीच्या आकारावर तीच बारीक टीका. फरक व्यापारातला आहे. बारीच्या बाया पिशव्या भरून ते जगभरच्या पर्यटकांना विकतात; आपले नखुले लग्नात ताटात मांडतात, फोटो काढतात आणि पुढे वर्षभर डब्यात ठेवून विसरतात.

शेंगेन व्हिसाला अर्जानंतर साधारण पंधरा दिवस लागतात. ज्यांच्या घरी नखुले पाडणारी आजी अजून आहे, त्यांनी तेवढ्या दिवसांत तिच्याजवळ पाट मांडून बसावं, आणि तयार झालेले किलोभर नखुले बॅगेत घालावेत. त्यात दूध नसतं, मांस नसतं. युरोपीय संघाची हरकत नाही.